तोंड उघडं असताना

सोमवार, ८ सप्टेंबर

झिप्री आजपासून आमच्या संस्थेत शिकवायला आली.

कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. तिच्या केसांत कंगवा अडकून मोडायचा, म्हणून झिप्री. आता केस अगदी बारीक कापलेत, पिकलेतही, पण माझ्यापुरती ती झिप्रीच राहणार. शिक्षण संपलं तेव्हा मी पीएचडीला बसले आणि ती कंपन्यांमध्ये गेली. माणसाचं यंत्राशी कुठे जुळतं, कुठे बिनसतं, आणि ते सगळं विद्यार्थ्यांना कसं शिकवावं, यात मी उभी हयात घालवली. तिने वॉशिंग मशीनची बटणं केली, इस्पितळातल्या पलंगांचे रिमोट केले. नावावर एक शोधनिबंध नाही. आणि आता डिझाइन शिकवणार म्हणे.

डीननी आमची ओळख करून द्यायला सुरुवात केली. आम्ही जुन्या मैत्रिणी असल्याचं कळल्यावर म्हणाले, मग तर दुधात साखर. मी हसले. झिप्रीने सगळ्यांसमोर मला मिठी मारली आणि म्हणाली, हिच्या वह्या उतरवून मी पास झालेय. लोक खळखळून हसले. किती सहज जागा केली तिने त्या खोलीत.

मला हेवा वगैरे वाटत नाही, हे लिहून ठेवते. हेवा वाटायला समोरच्याकडे आपल्याकडे नसलेलं काही असावं लागतं.

गुरुवार, १८ सप्टेंबर

झिप्रीच्या खोलीबाहेर मुलं जमिनीवर बसलेली असतात. मांडीवर पुठ्ठ्याची मॉडेलं, कुणाच्या हातात नुसता कागद. माझ्या खोलीकडे जायचं तर त्यांचे पाय ओलांडून जावं लागतं. आज एकाने पाय आखडून घेतले आणि "मॅडम, तुमच्याकडे वेळ घेऊन यावं लागतं ना?" असं विचारलं. मी हो म्हटलं. नंतर वाटलं, नाही म्हणता आलं असतं.

पण मुलांच्या शंकांना उत्तर म्हणूनच तर मी 'सोबती' हा संगणक प्रोग्राम तयार केलाय. विद्यार्थ्याने आपलं डिझाइन त्यात घालायचं. सोबती ते तपासतो, आधीच्या प्रयत्नांशी ताडून बघतो, चुका दाखवतो, प्रश्न विचारतो. त्याच्यासाठी ताटकळत बसावं लागत नाही, तो कंटाळत नाही, त्याला लाडके-दोडके नाहीत. या सत्रात त्याची खरी चाचणी आहे. डिसेंबरात संस्थेचं नवं संशोधन केंद्र सुरू होतंय आणि त्याची प्रमुख मी होणार हे इतके दिवस सगळे गृहीत धरून होते. काल चहाच्या वेळी कुणीतरी झिप्रीचंही नाव घेतलं. थट्टेत असेल.

शनिवार, २० सप्टेंबर

घरचं झालं थोडं अशातली गत.

आमची लेक ठकू माझ्याच संस्थेत तिसऱ्या वर्षाला आहे. जेवताना नवऱ्याने तिला सहज विचारलं, प्रोजेक्टला मार्गदर्शक कोण घेतलंस? भाताकडे बघत तिने झिप्रीचं नाव सांगितलं. नाव म्हणजे, "मावशी" म्हणाली. मावशी! मला सख्खी बहीण नाही, तेव्हा ही मावशी कुठून उगवली?

मी शांतपणे म्हटलं की माझं मत विचारलं असतंस तर बरं झालं असतं. त्यावर नवरा म्हणाला की आईने मुलीची मार्गदर्शक व्हायचं नाही, हा तुमच्याकडचा नियमच आहे ना? आहे. तो मीच करून घेतला होता. पण तो मुद्दा नाही.

प्रोजेक्ट बापाच्या धंद्यातलंच आहे. नवरा दातांचा डॉक्टर. त्याच्या खुर्चीत तोंड उघडून पडलेल्या माणसाला बोलता येत नाही. दुखलं, पाणी हवं झालं, नुसती भीती वाटली, तरी सांगणार कसं? त्याच्यासाठी हातात धरायचं काहीतरी ठकू करतेय. विषय चांगला आहे. मला तो बापाकडून कळला.

सोमवार, २२ सप्टेंबर

जिन्यात झिप्री भेटली. "ठकूने ते खुर्चीचं दाखवलं की नाही तुला?" असं विचारून माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी म्हटलं, दाखवेल. किती गोड टोमणा! ओठ हसरे, आणि सुरी आत.

बुधवार, १ ऑक्टोबर

आज फार छान वाटतंय. ठकू जेवणाच्या टेबलावर काम करत होती. मी आत आले तशी तिने लॅपटॉप मिटायला घेतला, पण मी म्हटलं बघू तरी. तिने एक मऊ चेंडू केलाय. रोग्याने मुठीत धरायचा. दाबला की डॉक्टरसमोरचा दिवा लागतो आणि त्याने थांबायचं. बस, एवढंच. कल्पना गोड आहे, पण कच्ची. दाबला म्हणजे काय समजायचं? दुखलं? तहान लागली? किती दुखलं? एका दिव्यातून काय कळणार?

"एक मिनिट दे," म्हणून मी तिच्या हातातून माउस घेतला. चेंडूच्या जागी हातात मावेल असा छोटा पडदा घेतला. त्यावर पाच चित्रं. दुखतंय, पाणी, थांबा, भीती वाटते, किती वेळ. दुखण्याला हिरव्यापासून लालपर्यंत रंग. वर्षानुवर्षं मुरलेला हात आहे, झरझर चालला. ठकू बाजूला उभी राहून बघत होती. मधे ती "आई, पण ते खुर्चीत" असं काहीतरी म्हणाली. मी म्हटलं, थांब, तंद्री मोडेल. पूर्ण झाल्यावर तिला विचारलं, कसं वाटतंय? ती म्हणाली, "छान झालंय, आई," आणि आपल्या खोलीत गेली.

पिकतं तिथे विकत नाही म्हणतात. आज विकलं गेलं.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

झिप्रीच्या वर्गात मागे जाऊन बसले. शिकवणं कसं चाललंय ते बघायला कुणीही बसू शकतं.

तिला काही येत नाही. हे मी रागाने लिहीत नाही. एका मुलीने तिच्यासमोर दरवाज्याच्या मुठीचं मॉडेल ठेवलं. झिप्री ते हातात फिरवत बसली. कितीतरी वेळ. मला तीन चुका मागच्या बाकावरून दिसत होत्या. अखेर ती म्हणाली, "हे करताना तुला कुठे मजा आली?" ती मुलगी बोलायला लागली आणि बोलता बोलता त्यातल्या दोन चुका तिच्याच लक्षात आल्या. तिसरी तशीच राहिली. झिप्रीला ती दिसली नाही, की दिसूनही ती बोलली नाही, देव जाणे. गप्प बसण्याचा पगार मिळत असेल तर मीही घेईन.

ठकू पहिल्या रांगेत होती. तिच्यापुढे चेंडू होता. मी केलेल्या पडद्याचा मागमूस नव्हता. तिने एकदा मागे वळून मला पाहिलं आणि चेंडू दप्तरात टाकला.

नाकाला मिरच्या झोंबल्यासारखं झालं. डोळ्यांतून खरंच पाणी आलं.

बुधवार, १५ ऑक्टोबर

डीनना भेटले. व्यक्तीबद्दल एक शब्द बोलले नाही. एवढंच सांगितलं की काही वर्गांमध्ये मूल्यमापनाच्या निकषांची अनुपस्थिती जाणवते आणि उद्या एखाद्या विद्यार्थ्याने गुणांबद्दल विचारणा केली तर संस्थेकडे दाखवायला काही असणार नाही. डीननी विचारलं, कुठला वर्ग? मी म्हटलं, तुम्ही चौकशी केलीत तर कळेलच.

बाहेर पडताना मन हलकं वाटलं. संस्थेच्या भल्याचं होतं.

बुधवार, २९ ऑक्टोबर

डीननी मार्ग काढलाय. झिप्रीच्या वर्गातल्या मुलांनी आपली प्रोजेक्टं आधी सोबतीकडून तपासून घ्यायची, मगच तिच्याकडे जायचं. मला चाचणीसाठी आयते विद्यार्थी मिळाले आणि तिला निकष मिळाले. खोलीबाहेरची गर्दीही ओसरली. आज पाय न ओलांडता चालत गेले. व्हरांडा फार लांब वाटला.

झिप्री काही बोलली नाही. फक्त परत विचारलं, "ठकूने दाखवलं का गं तुला?" आता मात्र हद्द झाली. मी तशीच पुढे निघून गेले.

ठकू घरी बोलत नाही. नवरा म्हणतो, वयच तसं आहे. ती कधीची विशीत आहे, हे याला दातांमधून मान वर काढायला लावून कोण सांगणार?

गुरुवार, ६ नोव्हेंबर

आजचं नीट लिहायला हवं.

चाचणीची रीत अशी. विद्यार्थी सोबती वापरतो आणि मनात येईल ते मोठ्याने बोलत राहतो. माझी पीएचडीची विद्यार्थिनी शेजारी बसते. तिने मदत करायची नाही, मान डोलवायची नाही, माउसला हात लावायचा नाही. तो गप्प झाला तर "बोलत राहा" एवढंच म्हणायचं. मी पलीकडच्या खोलीत कानाला हेडफोन लावून काचेतून बघते. काच माझ्या बाजूने पारदर्शक, त्यांच्या बाजूने आरसा. यादीत नावं नसतात, नुसते क्रमांक. माझ्या विद्यार्थिनींना मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट घोटून शिकवते: समोरचा अडखळला तर चूक त्याची नसते, आपण केलेल्या वस्तूची असते. म्हणून हात मांडीवर आणि तोंड बंद.

दुपारच्या पहिल्या क्रमांकाला दार उघडलं आणि ठकू आत आली.

नियमाने मी उठायला हवं होतं. आपल्या माणसाची चाचणी आपण बघत नाही. मी बसून राहिले. खुर्ची वाजेल असं वाटलं.

तिने चेंडूचं डिझाइन सोबतीत घातलं. सोबतीने लगेच विचारलं, एका संकेतातून रोग्याची नेमकी गरज कशी कळेल? पर्यायांचा विचार केला आहे का?

ठकू हसली. म्हणाली, "प्रश्न बरोबर आहे. घरीही प्रश्न नेहमी बरोबरच असतात." मग गप्प झाली. माझी विद्यार्थिनी नियमाप्रमाणे म्हणाली, बोलत राहा.

"बोलत राहू? बरं. इथे एक चांगलं आहे, मधे कुणी तोडत नाही." तिने खुर्ची पुढे ओढली. "माणूस खुर्चीत आडवा झाला की त्याला पडदा दिसतच नाही. वर दिवा दिसतो आणि बाबांचं नाक दिसतं. मी क्लिनिकमध्ये बसून बघितलंय. घाबरलेला माणूस पाचातून एक निवडत नाही. तो हाताला लागेल ते आवळतो. म्हणून चेंडू. हे आईला सांगायचं होतं. पण तोवर पाच चित्रं काढूनही झाली होती. आणि ती सुंदर होती. तिचं सगळं सुंदरच असतं. त्यात माझं काही उरत नाही एवढंच."

सोबतीने पडद्यावर पुढचा प्रश्न विचारला होता. तिने वाचलाही नाही.

"मावशी दर वेळी विचारते, आईला दाखवलंस का? म्हणते, मला हाताचं कळतं, पडद्याचं तुझ्या आईएवढं इथे कुणाला कळत नाही, जा तिच्याकडे. कॉलेजात आपली चित्रं आईच्या चित्रांशेजारी लावायची तिला धास्ती वाटायची म्हणे. मी खोटंच सांगते, दाखवलं म्हणून." तिने माउस बाजूला सारला. "मला दाखवायचंय. पण दाखवलं की ते माझं राहत नाही."

मग म्हणाली, झालं, एवढंच येत होतं मनात. जाताना तिने आरशाकडे बराच वेळ बघितलं. केस विस्कटले असतील.

माझी विद्यार्थिनी पलीकडून येऊन हळूच म्हणाली, मॅडम, याची नोंद कुठल्या रकान्यात करू? मी म्हटलं, राहू दे.

शनिवार, ८ नोव्हेंबर

ठकूची चाचणी निकालातून वगळता येईल. वगळायलाच हवी, नियमच आहे. म्हणून आज बाकीची सगळी ध्वनिमुद्रणं एकेक करून ऐकली. निबंधात फक्त चुका किती कमी झाल्या ते मांडायचं असं ठरवून बसले होते. चुका कमी झाल्यातच. पण मुलं बोलतात ते ऐकवत नाही. "त्याला हे आवडणार नाही, काढून टाकते." "आधीचं माझं वेगळं होतं, पण ते सोबतीला पटलं नाही." एक मुलगा तर म्हणतो, आता बरोबर झालंय, आता यात मला काही करण्यासारखं नाही. आणि हे तो आनंदाने म्हणतो.

सोबती मी माझ्यासारखा केला. लोकांनी तेव्हा कौतुकाने हेच म्हटलं होतं.

रविवार, १६ नोव्हेंबर

ठकूला चेंडू खऱ्या खुर्चीत वापरून बघायला माणूस हवा होता. माझी एक दाढ तशीही भरायची होती. मी म्हटलं, मला घे. ती घुटमळली. म्हणाली, "तू मधेच सूचना करशील."

नवरा हात धूत होता. म्हणाला, "तोंड उघडं असताना कशी करेल?"

तिला हसू फुटलं. माझ्यासमोर ती कित्येक दिवसांनी हसली.

सुट्टीचा दिवस, क्लिनिक बंद. मी खुर्चीत पडले. ठकू कोपऱ्यात स्टुलावर बसली, हात मांडीवर. दिवा डोळ्यांवर आला. नवऱ्याचं नाक खरोखरच फार मोठं दिसतं. त्याने काम सुरू केलं आणि नेहमीप्रमाणे बोलायलाही. शेजाऱ्यांच्या गाडीबद्दल, लाइटच्या बिलाबद्दल. मला प्रश्न विचारायचा आणि उत्तरही स्वतःच द्यायचं. मला कितीतरी सांगायचं होतं. चेंडूवरची शिवण बोटाला टोचतेय, दिवा उजवीकडे हवा, लाइटचं बिल मीच भरलंय. काही सांगता येत नव्हतं. मग सुई हिरडीत गेली. मी काहीही न ठरवता चेंडू आवळला. दिवा लागला आणि नवरा थांबला.

मी ठकूकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत होती. मदत करत नव्हती, मान डोलवत नव्हती. पहिल्या दिवशी मी शिकवते तशी बसली होती.

नंतर मी फक्त शिवण टोचते एवढं सांगितलं. अर्धं तोंड बधिर होतं, जास्त काही निघालंही नसतं. तिने ते लिहून घेतलं.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

केंद्राच्या निवड समितीपुढे आज माझं सादरीकरण झालं. सोबतीमुळे चुका कमी होतात, हे सांगितलं. मुलं लवकर थांबतात आणि एकमेकांसारखी होत जातात, हेही सांगितलं. डीननी चष्मा काढला. बाहेरून आलेल्या सदस्याने विचारलं, म्हणजे तुमचंच साधन तुम्ही नापास करताय का? मी म्हटलं, उत्तर द्यायची घाई त्याला फार आहे, त्याला थांबायला शिकवायचं आहे. ते अजून मला जमलेलं नाही.

तिथून सरळ झिप्रीच्या खोलीत गेले. दार लावलं आणि सांगून टाकलं की डीनकडे मी गेले होते.

ती कागद कापत होती. कात्री न थांबवता म्हणाली, "माहीत आहे. 'निकषांची अनुपस्थिती' असं या इमारतीत दुसरं कोण बोलतं?"

मला वाटलं ती हसेल, मग मीही हसेन. ती हसली नाही. म्हणाली, "राग आला होता. अजून आहे. काही दिवस राहील. आता मला वर्ग आहे."

मी ओशाळून दार उघडलं. बाहेर दोन मुली जमिनीवर बसल्या होत्या. त्यांनी पाय आखडून घेतले.

शुक्रवार, १२ डिसेंबर

केंद्र झिप्रीला मिळालं.

डीननी बोलावून सांगितलं. माझ्या प्रांजळपणाचा समितीने आदरपूर्वक उल्लेख केला आहे म्हणे. प्रांजळपणा घालून चहा गोड होत नाही, असं मनात आलं, बोलले नाही. झिप्रीचं अभिनंदन करायला गेले. तिच्या खोलीत फुलं होती, माणसं होती. ती गर्दीतून पुढे आली. या वेळी मिठी मारली नाही, हात हातात घेतला. सोबतीचं पुढचं काम केंद्रात करशील का, असं विचारलं. वर म्हणाली, नुसतं मोठेपणा म्हणून विचारत नाही, मला ते खरंच येत नाही. मी म्हटलं, विचार करून सांगते. आवाज बरा निघाला.

लिहून ठेवलंच पाहिजे, की मला हेवा वाटतोय. तिची फुलं, तिची खोली, ती बोलताना थांबते तेव्हा लोक ज्या तऱ्हेने वाट बघतात ते. ठकू तिला सांगते ते सगळं. मला वाटलं होतं खरं बोलल्यावर हे निघून जाईल. गेलेलं नाही. आत कुणीतरी ओला टॉवेल पिळतंय.

संध्याकाळी घरी आले. नवरा अजून क्लिनिकमध्येच होता. ठकूला बातमी कळलेली होती. ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आई, वाईट वाटलं?"

माझ्याकडे उत्तर तयार होतं. समितीत संशोधनातले किती, उद्योगातले किती, केंद्राची उद्दिष्टं मुळात कशी मांडली गेली. सगळी वाक्यं रांगेत उभी होती.

"हो," म्हणाले.

ती आत आली. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली.

"कुठे?" तिने विचारलं. शेवटी लेक दातवाल्याची.

मी छातीवर बोट ठेवून दाखवलं. तिने उपाय सांगितला नाही, समजूत घातली नाही. बसून राहिली. आणि मग मी बोलायला लागले. बरंच बोलले. झिप्रीबद्दल वाईटसाईटही बोलले. नवऱ्याची गाडी खाली लागली तरी मी बोलतच होते.